किल्ली कुणाकडे, सही कुणाची?

(पथनाट्य, गाणी, लोककला आणि चित्रं या माध्यमांतून काम करणाऱ्या स्त्री-गटांसाठी नुकतंच तीन दिवसांचं निवासी शिबिर झालं. विषय होता ‘कलेच्या क्षेत्रातलं नेतृत्व आणि व्यवस्थापन’. समारोपाच्या सत्रात एका ज्येष्ठ कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



परवा सकाळी आपण ओळखी करून घेत होतो, तेव्हा मी एक प्रश्न विचारला होता. तुमच्या गटात नेता कोण? एकही हात वर आला नाही. कुणी म्हणालं, आमच्यात नेता-बिता कुणी नाही, सगळ्या सारख्या. कुणी म्हणालं, सर आहेत, ते बघतात. मग मी प्रश्न बदलला. ढोलकी आणि डफ कुणाच्या घरी असतात? एसटीचं रिझर्व्हेशन कोण करतं? प्रयोगाच्या दिवशी एखादी आली नाही तर तिचं काम कोण उभं राहून करतं? एखादीला घरातून सोडत नाहीत, तर तिच्या सासूची समजूत घालायला कोण जातं? बघता बघता तीसेक हात वर आले, आणि हसूही आलं.

तिसरा प्रश्न विचारला, बँकेच्या खात्यावर सही कुणाची? हात खाली गेले. चारच राहिले. त्या चौघींपैकी दोघी जेवणाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ताई, सही आमची आहे, पण चेकबुक दुसरीकडे असतं. आम्ही कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्यात.

म्हणजे कपाटाची किल्ली आपल्याकडे आणि सही दुसऱ्याची. घरात जे आहे तेच गटात. आज निरोप घेण्याआधी मला याच्यावरच थोडं बोलायचं आहे. आणि जे बोलणार आहे त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

नको वाटणारे दोन शब्द

‘नेतृत्व’ आणि ‘व्यवस्थापन’ हे दोन्ही शब्द आपल्याला फारसे आवडत नाहीत. आपल्यातल्या पुष्कळजणी ज्या चळवळींतून आल्या, तिथे मॅनेजमेंट म्हणजे संपाच्या वेळी समोर बसलेली बाजू. आणि नेता म्हणजे व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेला पुरुष. त्याच्यामागे सतरंज्या घालणाऱ्या आम्ही. त्यामुळे स्वतःचे गट काढले तेव्हा आम्ही ठरवूनच टाकलं, आपल्यात अध्यक्ष नको, खुर्ची नको, सगळ्या गोल करून बसायचं. ते चांगलंच होतं. पण गोल करून बसलं म्हणजे सत्ता गोल होते असं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. आपण कलेचं काम करतो, म्हणून पैशाचं बोलणं आपल्याला हलकं वाटतं. नाटक चांगलं झालं पाहिजे, गाणं लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे, बाकीचं होतं आपोआप, असं आपण म्हणतो. पण आपोआप काही होत नाही. कुणीतरी ते करत असते, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. घरातला स्वयंपाक जसा ‘होतो’, तसंच हे.

फडाची मालकीण

बाईने कलेचा कारभार बघणं ही काही नवी गोष्ट नाही. कलेचं व्यवस्थापन शिकायला परदेशात जायची गरज नाही, नारायणगावला जावं. पुणे जिल्ह्यातलं, जुन्नर तालुक्यातलं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, जत्रेसाठी फड ठरवतात. त्याला सुपारी म्हणतात. कुठल्या तारखेला कुठलं गाव, दोन गावांमध्ये अंतर किती, ट्रक रात्रीत पोचेल का, पाऊस आला आणि खेळ बुडाला तर पैशाचं काय, हे सगळं त्या राहुटीत उभ्या-उभ्या ठरतं.

फड दसऱ्याच्या सुमाराला बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा करून परत येतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाडे, ढोलकीवाले, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, आचारी. पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा कलावंतांना पुढच्या हंगामाची उचल द्यावी लागते. ती दिली नाही तर कलावंत दुसऱ्या फडात जातो. उचल द्यायला मालकाला किंवा मालकिणीला सावकाराकडून कर्ज घ्यावं लागतं. ते व्याज हंगामभर डोक्यावर असतं. आता सांगा, याला व्यवस्थापन म्हणायचं नाही तर काय?

आणि हे बायकांनी केलेलं आहे. विठाबाई नारायणगावकर आपल्याला माहीत आहेत त्या त्यांच्या आवाजामुळे आणि नाचामुळे. दिवस भरलेले असताना खेळ सोडून मागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ती गोष्ट आपण अंगावर काटा आणून सांगतो. पण त्या फड चालवत होत्या, हे आपण सांगत नाही. कांताबाई सातारकरांनी, तुकाराम खेडकर गेल्यानंतर, मुलांना घेऊन नव्याने सुरुवात केली आणि स्वतःच्या नावाचा फड उभा केला. २०२१ साली त्या गेल्या. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड चालवला. या बायकांनी कुठला अभ्यासक्रम केला नव्हता. पण शंभर माणसांचं जेवण, पगार, भांडणं, आजारपणं, पोलीस परवानगी आणि रात्रीचा खेळ हे त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं.

आपण पांढरपेशा बायकांनी एक कबूल करायला हवं. या बायका बहुतेक दलित आणि भटक्या जातींतल्या. म्हणून त्यांच्या कर्तबगारीला समाजाने नेतृत्व म्हटलं नाही. टाळ्या दिल्या, शिट्ट्या दिल्या, नावं ठेवली. आपण ‘स्त्रियांचं नेतृत्व’ म्हणून पोस्टर काढलं, तेव्हा त्यांचा फोटो आपण तरी कुठे लावला?

पण नुसतं कौतुक करून थांबता येत नाही. विठाबाईंची अखेरची वर्षं हलाखीत गेली, २००२ साली त्या गेल्या. नंतर शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. संगीत नाटकाच्या काळात हिराबाई बडोदेकरांनी नाटकमंडळी चालवली, ती कर्जात गेली, आणि ते कर्ज त्यांनी गाण्याच्या मैफली करून फेडलं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा फड दारात उभे आणि सावकाराचं व्याज चालू, अशी वेळ आली. या सगळ्यात एक समान धागा दिसतो. धोका बाईचा आणि अटी दुसऱ्याच्या. कष्ट, हुशारी, धाडस यांची कमतरता कुठेच नव्हती. कमतरता होती ती आधाराच्या पैशाची, लिहिलेल्या कराराची, आणि एकीच्या डोक्यात असलेलं चार जणींच्या हातात देण्याची.

नोकऱ्या सांभाळून नाटक

दुसरं उदाहरण आपल्या घरचंच. स्त्री मुक्ती संघटना १९७५ साली मुंबईत सुरू झाली. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ मध्ये आलं. त्याचे महाराष्ट्रभर आणि बाहेरही प्रयोग झाले, इतर भाषांत ते गेलं. आपल्यातल्या कितीतरीजणी ते नाटक बघून या कामात आल्या. मीही त्यातलीच.

त्या नाटकातली गाणी आपल्याला पाठ आहेत. पण नोकऱ्या करणाऱ्या, घरं सांभाळणाऱ्या बायका इतके प्रयोग कशा करत असतील, याचा विचार आपण किती केला? रजा कुणाची कधी जुळते, एका भूमिकेसाठी दोघी-तिघी तयार ठेवायच्या का, लहान मूल असलेली कधी येऊ शकते, परतीची शेवटची गाडी कुठली. कुणाही हौशी गटाला हे प्रश्न येतातच. नेपथ्य पिशवीत मावेल एवढंच ठेवायचं, माइक नसला तरी चालेल असं गाणं बसवायचं, हे निर्णय कलेचे वाटतात. ते व्यवस्थापनाचेही असतात. बाईच्या आयुष्यात बसेल असं नाटक करायचं, तर नाटकाचा आकारच त्याप्रमाणे ठरतो. ज्या गटाला हे कळलं तो टिकला.

आमच्या गटाची गोष्ट

आता माझी चूक. आमचा गट सांगली जिल्ह्यातला. सुरुवातीला आम्ही चौदाजणी होतो. मी शिक्षिका, आणखी दोघी शिक्षिका, एक नर्स, बाकीच्या शेतमजूर आणि विडी कामगार. रीतसर नोंदणी केली. नोंदणी म्हणजे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आलेच. त्या तीन जागा आम्ही तिघी शिक्षिकांनी घेतल्या, कारण ‘आम्हाला लिहिता-वाचता येतं’. बँकेत तिघींपैकी कुणाही दोघींची सही लागायची. हे कागदापुरतं आहे, असं आम्ही म्हणत राहिलो. प्रत्यक्षात सगळ्या समान.

आमचं सगळ्यात गाजलेलं पथनाट्य सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल होतं. त्यात सासू सुनेला विचारते, शेतात राबतेस तू, पण कागदावर कोण? गावोगाव बायका तिथे टाळ्या वाजवायच्या. सोळा वर्षांत आम्ही ते किती वेळा केलं, त्याची मोजदाद नाही. मोजदाद नाही, कारण नोंदवही माझ्या डोक्यात होती.

मग अध्यक्षबाई निवृत्त होऊन मुलीकडे नागपूरला गेल्या. खजिनदारबाई वारल्या. आम्ही रडलो, शोकसभा घेतली, आणि त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. हे मला माहीत होतं. उद्या करू, पुढच्या महिन्यात करू, असं करत राहिले. आणि एका जानेवारीत मी जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पुढे सात महिने घरात.

दवाखान्यात आमच्यातली एक धाकटी मला भेटायला आली. शेतमजुराची मुलगी, गटात वाढलेली, तेव्हा चोवीस वर्षांची. हातात वही होती. म्हणाली, ताई, आठ मार्चची चार निमंत्रणं आहेत, कुणाकुणाला हो म्हणालात? नवीन नाटकाची संहिता कुठाय? पावतीबुक कुठाय? जीपवाल्याला गेल्या वेळचे द्यायचेत का? बँकेत गेले होते, ते म्हणतात दोन सह्या आणा. मी उत्तरं देत होते, ती लिहून घेत होती. वही मिटताना ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही आम्हाला सगळं दिलंत. फक्त सांगितलं काहीच नाही.’

बँकेत आमचे एक्केचाळीस हजार रुपये होते. ते अकरा महिने अडकले. ठराव नाहीत, इतिवृत्ताची वही अर्धी कोरी, दोन वर्षांचं ऑडिट राहिलेलं. आठ मार्चचे प्रयोग मुलींनी पदरचे पैसे घालून दोन केले, दोन रद्द केले. त्या वर्षी दोघी गट सोडून गेल्या. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणी वाईट नव्हतं. तरी गट जवळजवळ मोडला.

दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून सोळा वर्षं ओरडलेल्या मी, माझ्याच गटातल्या राबणाऱ्या मुलींचं नाव बँकेच्या कागदावर लावलं नव्हतं. सासू मीच होते.

अमेरिकेतल्या जो फ्रीमन या कार्यकर्तीने १९७० सालीच एका भाषणात यावर बोट ठेवलं होतं, आणि नंतर त्याचा लेख झाला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की रचनाच नाही असा गट नसतोच. रचना लिहून ठेवली नाही तर ती लपून राहते, आणि लपलेल्या सत्तेला कुणी जाब विचारू शकत नाही. हे मी तरुणपणी वाचलं होतं, इतरांना समजावूनही सांगितलं होतं. कळलं मात्र दवाखान्यात.

प्रशिक्षण कुणासाठी?

आपल्याकडे कलेचं शिक्षण म्हणजे गाणं, नाच, अभिनय, दिग्दर्शन. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झालं. तिथे कीर्ती जैन आणि पुढे अनुराधा कपूर या स्त्रिया संचालक झाल्या. मुंबईत विजया मेहतांनी १९६० मध्ये ‘रंगायन’ उभं केलं, आणि पुढे एनसीपीएसारख्या मोठ्या संस्थेचा कारभारही पाहिला. म्हणजे बाई मोठ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसू शकते हे सिद्ध झालेलं आहे. पण संस्था चालवायची कशी, हे शिकायची सोय मात्र बराच काळ नव्हती. ज्याला त्याला पडत-धडपडत शिकावं लागे.

अलीकडे थोडा बदल झाला. २०१५ मध्ये इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून या तिघांनी मिळून ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यासक्रम सुरू केला, काम करणाऱ्या नाट्यगटांना व्यवस्थापन शिकवण्यासाठी. यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की नाटकवाल्यांनी नाटकवाल्यांसाठी तो आखला. आपण कशासाठी नाटक करतो, हा प्रश्न आधी आणि पैशाचा नंतर, हा क्रम त्यात शक्य होतो. कंपनीचं पुस्तक उचलून गटावर लादलं की तो क्रम उलटा होतो. देणगी देणाऱ्या संस्था मग विचारतात, एका प्रयोगामागे किती ‘लाभार्थी’? रडणाऱ्या बाईला आपण एक धरायचं की दोन?

पण कुठल्याही प्रशिक्षणाला आपण आपले प्रश्न विचारलेच पाहिजेत. ते कुठल्या भाषेत आहे? घर सोडून किती दिवस राहावं लागतं? मूल घेऊन येता येतं का? रोज बुडाला तर तो कोण भरून देणार? आणि गटातून कुणाला पाठवायचं, हे कोण ठरवतं? नाहीतर प्रशिक्षणालाही तीच इंग्रजी बोलणारी जाते आणि परत येऊन आणखी मोठी ताई होते. या शिबिरात आपण पाळणाघर ठेवलं, रोज बुडणाऱ्यांना भरपाई दिली, आणि एका गटातून दोघी, त्यातली एक पंचविशीच्या आतली, असा आग्रह धरला. तो याच कारणासाठी.

एका प्रयोगाचा हिशेब

काल आपण फळ्यावर जो हिशेब मांडला तो इथे पुन्हा सांगते, म्हणजे तुमच्या वहीत राहील. समजा एका संस्थेने पथनाट्यासाठी ६,००० रुपये दिले. जीपचे १,८००, आठजणींच्या चहा-जेवणाचे ६००, झेरॉक्स, फोन आणि डफाच्या दुरुस्तीचे २००. खर्च २,६००. उरले ३,४००. आपण म्हणतो, वा, शिल्लक पडली.

आता तास मोजा. सकाळी नऊला निघून तीनला परत, म्हणजे सहा तास. आठजणींचे अठ्ठेचाळीस. नाटक बसवायला बारा तालमी, तीन-तीन तासांच्या. आठजणींचे दोनशे अठ्ठ्याऐंशी तास. त्या नाटकाचे वीस प्रयोग झाले असं धरलं, तर एका प्रयोगाच्या वाट्याला जवळपास साडेचौदा तास. एकूण बासष्ट तासांवर थोडं. उरलेले सगळे पैसे वाटून टाकले, गटासाठी एक पैसा ठेवला नाही, तरी तासाला ५५ रुपये पडत नाहीत. आणि यात लिहिणारीचे, फोन करणारीचे तास धरलेले नाहीत.

हा हिशेब बघून काल एकजण म्हणाल्या, आपण पैशासाठी करतो का? नाही करत. पण फुकट किती दिलं हे माहीत असायला हवं. आणि फुकट देणं कुणाला परवडतं हेही. मी शिक्षिका, माझा पगार चालू असायचा. रविवारी प्रयोग केला तर माझं काही जात नव्हतं. माझ्या शेजारी उभी राहणारी खुरपणीचा रोज बुडवून यायची. कागदावर दोघींचं मानधन शून्य. समान दिसतं, पण समान नाही. मग हळूहळू ती कमी यायला लागते, आपण म्हणतो तिची निष्ठा कमी झाली, आणि निर्णय उरलेल्या पगारदारांच्या हातात राहतात. तेव्हा अंदाजपत्रकात मानधनाचा रकाना ठेवा. जिला नको तिने तो ‘देणगी’ म्हणून परत जमा करावा, पावती फाडून. रकाना मात्र असू द्या.

दौऱ्यावरची रात्र

दुसरी गोष्ट, जी आपण शेवटपर्यंत बोलत नाही. दौरा, रात्रीचा प्रवास, अनोळखी गावात मुक्काम, तालमीत अंगाला हात लावून ‘शिकवणारे’ दिग्दर्शक. कलेच्या क्षेत्रात याला मोकळेपणा म्हणतात. नाही म्हटलं तर मुलगी ‘कोती’ ठरते आणि पुढच्या नाटकात नसते.

१९९७ चा विशाखा निकाल आणि त्यानंतर २०१३ चा कायदा आपल्याला माहीत आहे. पण तो ऑफिसातल्या बायकांचा आहे, असं आपण समजतो. तो नीट वाचा. कामानिमित्त जिथे जावं लागतं ते ठिकाण आणि मालकाने दिलेलं वाहन, दोन्ही त्यात कामाची जागा मानलेली आहेत. रोजंदारीवरच्या, तात्पुरत्या, शिकाऊ, एवढंच काय, विनामोबदला काम करणाऱ्याही त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, आणि बाहेरची एक व्यक्ती. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने.

केरळच्या चित्रपट क्षेत्रातल्या बायकांनी २०१७ मध्ये संघटना बांधली आणि सरकारकडे गेल्या. हेमा समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरमध्ये दिला गेला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. मधल्या काळात, २०२२ मध्ये, त्याच संघटनेच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने चित्रपट-निर्मितीच्या ठिकाणीही तक्रार समिती हवी असं सांगितलं. नावाजलेल्या नट्यांना एवढं लढावं लागलं, तर आपल्या गटातल्या अठरा वर्षांच्या मुलीने कुणाकडे जायचं? तालीम सुरू होण्याआधी समितीची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावणं, हेसुद्धा दिग्दर्शनाइतकंच महत्त्वाचं काम आहे. यालाच मी नेतृत्व म्हणते.

घरी गेल्यावर

आता तुम्ही उद्या घरी जाल. प्रमाणपत्र मिळेल, ते कपाटात ठेवाल. माझी विनंती आहे, पंधरा दिवसांच्या आत एक बैठक बोलवा आणि चारच गोष्टी करा.

पहिली, गेल्या वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचा. वाचता न येणारीला कळेल असा. ‘इतर खर्च’ हा शब्द आला की थांबा आणि विचारा, इतर म्हणजे काय?

दुसरी, सह्या बदला. कोरे चेक असतील तर ते परत मागून फाडा. एक सही तरी अशी असू द्या, जिने आजवर फक्त ढोलकी सांभाळली. लिहिता येत नसेल तर शिकवा. आमच्या गटात आता विडी कामगार असलेली एकजण खजिनदार आहे. सुरुवातीला तिने एकेक व्हाउचर तीनदा तपासलं. आम्हाला कंटाळा यायचा. आता आमचं ऑडिट वेळेवर होतं.

तिसरी, एक वही करा. संहिता कुठे, जीपवाल्याचा नंबर कुठला, नोंदणीचे कागद कुणाकडे, कुठल्या गावात कुणी मदत केली. मी उद्या पडले तर, असं समजून ती लिहा.

चौथी सगळ्यात अवघड. पदाची मुदत ठरवा. तीन वर्षं, मग दुसरी. आणि जिने सोडलं तिने सहा महिने तोंड बंद ठेवायचं. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या नंतर ती वहीवाली मुलगी सचिव झाली. तिने माझं सातबाऱ्याचं नाटक बदललं. त्यातली दोन गाणी काढली, ती दोन्ही माझी होती. मला झोप लागली नाही. पहिल्या प्रयोगाला मी मागे चटईवर बसले. सुनेचं पात्र आता प्रेक्षकांतल्या बायकांना कागद दाखवून विचारतं, यातली कुठली ओळ तुम्हाला वाचता येते? बायका पुढे सरकून कागद हातात घेतात. माझ्या गाण्यांच्या वेळी टाळ्या पडायच्या, पण कुणी कागद हातात घेतला नव्हता.

आज आमच्या खात्यावर माझी सही नाही. परवा बँकेत पेन्शनसाठी गेले, तेव्हा ती तिथे रांगेत उभी होती, गटाचं पासबुक भरून घ्यायला. मला म्हणाली, ताई, बसा तुम्ही, तुमचंही भरून आणते. मी बसले.

एवढंच सांगायचं होतं. पुढच्या वर्षी भेटू तेव्हा मी पुन्हा तोच तिसरा प्रश्न विचारणार आहे. चारापेक्षा जास्त हात दिसले पाहिजेत.